‘जुनी पेन्शन आणतोच’ म्हणणाऱ्या उमेदवाराला काय विचारायचं?

प्रश्न थोडक्यात असा. अंबाजोगाई भागातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका ताईंनी विचारलंय. त्या २००९ पासून नोकरीत आहेत, नवरा एसटीत वाहक, आई गावाकडं भावाजवळ. भाऊ ऊसतोडीला जातो, आईला श्रावणबाळचे पैसे येतात. पदवीधर मतदारसंघातून उभं राहण्याच्या तयारीतला एक उमेदवार शिक्षकांच्या बैठकीत येऊन म्हणाला, ‘मला निवडून द्या, जुनी पेन्शन आणतोच. नाही आणली तर राजीनामा तुमच्या हातात.’ टाळ्या पडल्या. ताईंचा प्रश्न एवढाच, की या शब्दावर मत द्यायचं का?

ताई, मी कुठं उभा राहून बोलतोय ते आधी सांगतो. लेखा आणि कोषागाराच्या कामात माझी ३४ वर्षं गेली, त्यातली बहुतेक मराठवाड्यातच. मला स्वतःला जुनी पेन्शन आहे. महिन्याच्या महिन्याला खात्यात येते, महागाई भत्ता वाढला की आपोआप वाढते, नोव्हेंबरात हयातीच्या यादीवर सही केली की माझं काम संपलं. त्यामुळं ‘राज्याच्या तिजोरीकडं बघा’ असा उपदेश मी तुम्हाला केला तर तो जेवून उठलेल्यानं उपाशी माणसाला एकादशीचं महत्त्व सांगितल्यासारखा होईल. तो करणार नाही. पण पेन्शनच्या कागदांत आयुष्य गेलंय, आणि कागदावर न उतरणारा शब्द कसा असतो ते मला कळतं. तुमच्या उमेदवाराचं वाक्य तसलं आहे.

आधी ‘आणतोच’ बघू. पदवीधरमधून निवडून गेलेला माणूस विधान परिषदेत बसतो. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर परिषदेत मतदान होत नाही, ते विधानसभेत होतं. धन विधेयक परिषदेला फार तर १४ दिवस ठेवता येतं, अडवता येत नाही. आणि पेन्शन तर विधेयकानं येणारी गोष्टसुद्धा नाही. राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांवर उभी आहे. हे नियम राज्यघटनेच्या ३०९ कलमाखालचे. ते बदलतात मंत्रिमंडळाच्या निर्णयानं आणि वित्त विभागाच्या कागदानं. २००५ साली पेन्शन गेली तीही सभागृहातल्या मतदानानं नव्हे, ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयानं. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पासून, जो सेवेत आला तो नव्या योजनेत, जिथं पगारातून कपात होते, सरकार आपला हिस्सा घालतं आणि साठेल त्यावर पेन्शन ठरते.

मग आमदाराच्या हातात काय असतं? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय ठराव, मंत्र्याच्या दालनातली बैठक. हे कमी नाही. चांगल्या लक्षवेधीनं खातं हलताना मी बघितलंय, आमच्या कार्यालयात रात्री दहापर्यंत दिवे जळायचे उत्तर तयार करायला. पण याला ‘आणतो’ म्हणत नाहीत, ‘मागतो’ म्हणतात. ‘मी मागेन, दर अधिवेशनात मागेन, आणि कुठल्या मुद्द्यावर मागेन ते हे’ असं सांगणारा उमेदवार मला जास्त खरा वाटतो. राजीनाम्याचं म्हणाल तर एका आमदाराच्या राजीनाम्यानं पोटनिवडणूक लागते, पेन्शन लागत नाही.

आणि या विषयात कुणाचेच हात कोरे नाहीत. २००५ मध्ये पेन्शन बंद करणारा निर्णय निघाला तेव्हा मुख्यमंत्री विलासराव देशमुख होते, आपल्या लातूरचे, आणि सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. केंद्रानं नवी योजना १ जानेवारी २००४ पासून लावली, तेव्हा दिल्लीत वाजपेयींचं सरकार होतं. नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ या काळात मुंबईत महाविकास आघाडी होती, तेव्हा जुनी पेन्शन आली नाही. त्या आघाडीचे मुख्यमंत्री राहिलेले उद्धव ठाकरे सप्टेंबर २०२४ मध्ये शिर्डीच्या पेन्शन अधिवेशनात जुन्या पेन्शनचा शब्द देऊन गेले. दुसऱ्या बाजूला डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात वित्त खातं सांभाळणारे देवेंद्र फडणवीस म्हणाले, की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा येईल, राज्य दिवाळखोरीत जाईल, देणार नाही. महिनाभरात विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधरच्या जागांचा प्रचार सुरू झाला आणि सूर बदलला. आम्ही नकारात्मक नाही, आणि करू शकलो तर आम्हीच करू शकतो, असं बोललं जाऊ लागलं. तेव्हा आपल्या शिक्षक मतदारसंघातून विक्रम काळे पुन्हा निवडून आले, नागपुरात सुधाकर अडबाले आले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्या महिन्यात चहाच्या टपरीवर शाळेतली पोरंसुद्धा म्हणत होती.

यात एक गंमत आहे, आणि ती तुमच्याशी संबंधित आहे. शिक्षक मतदारसंघात मत असतं माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. प्राथमिकच्या गुरुजींना तिथं मतच नाही. पेन्शनच्या मोर्च्यात सर्वात मोठा जथा तुमचा, आणि त्या पेटीत तुमची एक चिठ्ठीही पडत नाही. पदवीधरमध्ये मात्र पडते. म्हणून तुमच्या बैठकीला माणूस आला, ताई. ते वाईट नाही, पण तो का आला ते लक्षात ठेवून ऐका.

आता पैशाचं. समजा निवृत्तीच्या वेळी मूळ पगार ८०,००० आणि महागाई भत्ता, हिशोब सोपा पडावा म्हणून, ५० टक्के. जुन्या पेन्शनमध्ये मूळ पगाराच्या निम्मे, म्हणजे ४०,०००, त्यावर भत्ता २०,०००. महिन्याला ६०,०००, आणि भत्ता वाढेल तसे वाढत जाणारे. अंशराशीकरण केलं, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी उचलला, तर तेवढी कपात १५ वर्षं, मग पुन्हा पूर्ववत. तुमच्या आजच्या योजनेत तुमचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जमा होतात (हे १४ टक्के २०१९ पासून, त्याआधी १० होते). समजा शेवटी ६० लाख जमले. त्यातले ४० टक्के, म्हणजे २४ लाख, वार्षिकीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या विमा कंपनीच्या योजनेत, घालावे लागतात. साडेसहा टक्के धरले तर महिन्याला १३,००० येतात, आणि ते १३,०००च राहतात. उरलेले ३६ लाख हातात. ते कुठं सात टक्क्यांनी ठेवले तर आणखी २१,०००. एकूण ३४,०००.

इथं भाषण करणारे ३६ लाख गिळून ‘साठ हजार विरुद्ध तेरा हजार’ असं सांगतात. तो अर्धाच हिशोब झाला. पण पूर्ण हिशोबातही खरी दुखरी जागा राहतेच, आणि ती रकमेची नाही, वाढीची आहे. साठाव्या वर्षी ३४,००० पुरतील. ऐंशीव्या वर्षी ते ३४,०००च असतील, आणि तोवर तुरीच्या डाळीचा भाव काय असेल ते तुम्हीच धरा. शिवाय ते ३६ लाख लेकीच्या लग्नात, पोराच्या प्लॉटमध्ये, बोअर पाडण्यात जातात. आपल्याकडं निवृत्त माणसाच्या पैशाला घरातलीच वाट असते. म्हणून हमी मागणं हे लाड नव्हेत. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ लाच सांगून ठेवलंय. पेन्शनर दिन त्याच तारखेला पाळतात.

तिजोरीचा मुद्दा मी टाळणार नाही, पण तो जसा सांगितला जातो तसा सांगणार नाही. जुन्या पेन्शनसाठी कुठं गाठोडं बांधलेलं नसतं. आजच्या पेन्शनरला आजच्या करातून देतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधल्या एका अभ्यासात आलं, की सगळी राज्यं जुन्या योजनेकडं वळली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. लोक इथंच थांबतात. खरी मेख पुढं आहे: हा बोजा पडणार कधी? २००५ नंतर लागलेला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होणार. पंचविशी-तिशीत लागला असेल तर २०३४ च्या पुढं. त्याआधी काय होतं? जुनी पेन्शन जाहीर केली त्या दिवसापासून सरकारला दर महिन्याचा १४ टक्के हिस्सा भरावा लागत नाही. म्हणजे जाहीर करणाऱ्या सरकारच्या हातात पैसा उलट वाढतो! बिल येतं दहा-पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या दारात. ज्या आश्वासनाचा देणाऱ्याला आज फायदा आणि खर्च उद्याच्या माणसाला, ते आश्वासन देताना जीभ अडखळत नाही. म्हणून ‘देणार का’ यापेक्षा ‘२०४० साली कशातून देणार’ हा प्रश्न जड आहे. तुमची पेन्शन त्याच वर्षांत येणार आहे, उमेदवाराच्या सहा वर्षांत नाही.

बाहेरच्या राज्यांचं सांगून टाकतो. राजस्थाननं २०२२ मध्ये जुनी पेन्शन आणली, छत्तीसगडनं आणली, झारखंड-पंजाबनं घोषणा केल्या, हिमाचलात काँग्रेस निवडून आली ती याच शब्दावर आणि २०२३ च्या सुरुवातीला तिनं तो अंमलात आणला. पण नव्या योजनेत आधी जमा झालेला पैसा राज्यांना परत देता येत नाही, अशी भूमिका पीएफआरडीए, म्हणजे नव्या योजनेवर देखरेख करणारी केंद्राची संस्था, आणि केंद्रानं घेतली. राजस्थान आणि छत्तीसगडमधली, पेन्शन देणारी ती सरकारं डिसेंबर २०२३ मध्ये गेलीही. तेव्हा उमेदवाराला विचारा, की माझ्या खात्यात २००९ पासून जे साठलंय त्याचं काय करणार? त्याला ‘प्रान’ क्रमांक (नव्या योजनेतल्या खात्याचा) म्हणजे काय हेही माहीत नसेल तर तिथंच उत्तर मिळालं.

आता आपल्या राज्यात खरोखर काय हाती आलं ते बघा. इथंच मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हे पोस्टरवर छापत नाहीत.

२०१८ च्या सुमाराची गोष्ट. एका तालुक्यातला तरुण शिक्षक शाळेतून परतताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. नोकरी अकरा वर्षं. त्याची बायको कडेवर लेकरू घेऊन कार्यालयात बाकावर बसलेली असायची. नियम बघितला तर कुटुंब निवृत्तिवेतन नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही. जमा झालेली रक्कम, बस्स. आणि तीसुद्धा जुळेना, कारण काही वर्षांच्या कपातीची नोंदच सापडत नव्हती. त्याच वर्षी सरकारनं दहा लाखांचं सानुग्रह अनुदान काढलं, पण ते दहा वर्षं सेवा होण्याआधी गेलेल्यांसाठी. हा अकराव्या वर्षी गेला. मी त्या बाईला नियम समजावून सांगितला. माझ्या नोकरीतलं ते एक काम मला आजही नको वाटतं.

पुढं मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला. सतरा लाखांच्या आसपास कर्मचारी त्यात होते असं सांगितलं गेलं. जुनी पेन्शन मिळाली नाही, अभ्यासाला समिती बसली. सगळे म्हणाले संप वाया गेला. पण ३१ मार्च २०२३ ला एक शासन निर्णय निघाला: नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान. माझ्या लेखी त्या संपाची सगळ्यात मोठी कमाई ही. त्यावर गुलाल कुणी उधळला नाही.

दुसरं. २ फेब्रुवारी २०२४ चा निर्णय: ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली पण रुजू नंतर झाले, त्यांना एकदाच जुन्या पेन्शनचा पर्याय. तेव्हा लोकांनी ट्रंका उपसल्या. एका ग्रामसेवकाला जाहिरातीचं कात्रण सापडलं ते बहिणीच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात, वाळवीनं एक कोपरा खाल्लेलं. तारीख मात्र शाबूत होती. तो कोपरा गेला असता तर? या लोकांची स्वतःची कपात भविष्य निर्वाह निधीत वळवायची आणि सरकारी हिस्सा सरकारकडं जमा करायचा, अशी स्वच्छ वाटही ठरली. काही हजारांच्या बाबतीत हे जमलं म्हणून सगळ्यांच्या बाबतीत जमेल असं नाही. पण मागणी नेमकी होती, तारीख होती, पुरावा होता, म्हणून मिळालं.

तिसरं. मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सुधारित योजना जाहीर केली, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के अधिक महागाई भत्ता आणि कुटुंबाला त्याच्या ६० टक्के. मग २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना, यूपीएस, मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रानं ती स्वीकारली, देशात पहिल्यांदा. त्यात २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची वाढ. दहा वर्षं झाली असतील तर किमान १०,०००. निवृत्तीच्या वेळी जमा रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत उचलले तर पेन्शन त्या प्रमाणात घटते, हे बारीक अक्षर वाचायचं राहू देऊ नका.

म्हणून आता भाषणात ‘जुन्या पेन्शनसारखी’ हा शब्द आला की कान टवकारा. त्या ‘सारखी’त सगळं दडलंय. तुमचं २००९ पासून धरलं तर २५ वर्षं भरतील असं दिसतं. पण तुमच्या शाळेत शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आलेला नवा शिक्षक बघा. डीएड होऊन बसला, भरती बंद, दहा वर्षं कुणाच्या तरी शेतात नाहीतर पुण्यात कंपनीत काढली, आणि अडतिसाव्या वर्षी शाळेत आला. ५८ ला त्याची २० वर्षं होतात. जुन्या नियमात, सहाव्या वेतन आयोगानंतर, २० वर्षांवर पूर्ण निम्मी पेन्शन होती. यूपीएसमध्ये त्याला २५ पैकी २०, म्हणजे ४० टक्के. मराठवाड्यात उशिरा लागलेली अशी पोरं गावोगाव आहेत. ‘२५ ची अट २० वर आणण्यासाठी मी भांडेन’ असं म्हणणारा उमेदवार तुम्हाला भेटला, तर मला तो ‘आणतोच’वाल्यापेक्षा दहापट बरा वाटेल. तसंच, २००५ च्या आधी नेमणूक झालेली पण शाळा १०० टक्के अनुदानावर नंतर आलेली, असे खासगी शाळांतले शिक्षक वर्षानुवर्षं न्यायालयांच्या पायऱ्या झिजवतायत. त्यांच्याबद्दल काय म्हणणं आहे ते विचारा. विषय माहीत असलेला माणूस इथं लगेच ओळखू येतो.

‘सकारात्मक’, ‘पाठपुरावा’, ‘तोडगा’, ‘सर्वांना न्याय’. पत्रकात यांपैकी तीन शब्द आले आणि तारीख एकही नाही, तर ते पत्रक वह्यांना कव्हर घालायला ठेवा.

बैठकांमध्ये हमखास टाळ्या घेणारा एक प्रश्न असतो: तुम्ही तुमची आमदारकीची पेन्शन सोडणार का? माजी आमदाराला महिन्याला ५०,००० मिळतात, पाचच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० जादा. राग येणं बरोबर आहे. पण माझ्या मते हा प्रश्न वाया घालवू नका. तो ‘सोडतो’ म्हणाला तरी तुमच्या हिशोबात एक रुपया वाढत नाही, आणि त्याला मोठेपणा फुकट मिळतो.

नवऱ्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला ते जास्त टोचलं. एसटीतल्या माणसाला ना जुनी, ना नवी. त्याला ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीबरोबर येणारी केंद्राची कर्मचारी पेन्शन योजना. त्यात पगाराची मर्यादा १५,००० धरतात आणि २०१४ च्या सप्टेंबराआधीच्या सेवेला ६,५००. पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वीस-पंचवीस वर्षं तिकिटं फाडून हातात चार-पाच हजार येतात, वर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर अडकलेली. ती वाढवा म्हणून बुलढाण्याकडचे म्हातारे कामगार किती वर्षं उपोषणं करतायत! साखर कारखान्यातला कामगारही याच रांगेत. २०२१-२२ चा एसटीचा संप राज्य सरकारात विलीनीकरणासाठी होता, आणि आमच्या कट्ट्यावर सगळे धरून चालले होते की विलीन झाले की जुनी पेन्शन मिळेल. ते इतकं सरळ नव्हतं, २००५ ची तारीख तिथंही आडवी आली असती. ईपीएस केंद्राच्या हातात आहे. त्यामुळं या एका विषयात तुमचा उमेदवार ‘मी दिल्लीत बोलेन’ म्हणाला तरी तो खासदारकीचा उमेदवार नाही, एवढं त्याला आठवण करून द्या.

आणि आई. श्रावणबाळचे आज १,५०० आहेत, जुलै २०२३ पासून; त्याआधी १,००० होते. वय ६५ हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत. म्हणजे महिन्याला १,७५०. ऊसतोडीची उचल घेणाऱ्या कुठल्या घराचं उत्पन्न एवढं कमी असतं? पण दाखला तसाच काढावा लागतो, हे तलाठ्यालाही माहीत, म्हातारीलाही माहीत. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शन योजनेत ऐंशीच्या आतल्या माणसामागं केंद्राचा वाटा २०० रुपये, कित्येक वर्षांपासून तेवढाच. उरलेलं राज्य घालतं.

हे मी तुम्हाला लाजवायला सांगत नाही. मार्च २०२३ च्या संपातच मराठवाड्यात गारपीट झाली. गहू, हरभरा आडवा झाला आणि पंचनामे अडले, कारण तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक संपावर. गावात तेव्हा ‘यांना पगारही आणि पेन्शनही’ असं जे बोललं गेलं ते मी स्वतः ऐकलं. तुमचा भाऊही कदाचित बोलला असेल. तुमच्या एकाच घरात साठ हजारांची मागणी, पाच हजारांची सोय आणि दीड हजारांची मदत आहे. उमेदवाराची भूमिका म्हणजे फक्त पहिलीवरचं मत नव्हे. तिन्हींवर तो काय म्हणतो ते ऐकलं की माणूस कळतो. पहिलीवर टाळ्या आहेत, तिसरीवर नाहीत. तिसरीवर जो न विचारता बोलला त्याला मी तरी पहिली पसंती दिली असती.

म्हणजे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: या एका वाक्यावर मत देऊ नका, पण मत जरूर द्या, आणि त्याआधी त्याला बोलतं करा. लेखी घ्या. कुणाला, कुठल्या तारखेपासून, जमा रकमेचं काय, २५ वर्षांच्या अटीचं काय. चार ओळी आणि खाली सही. सही करायला जो लाजला त्याचं उत्तर लेखीच समजा.

दोन कामं तुमच्याकडची. पदवीधरची मतदार यादी दर वेळी नव्यानं होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. नमुना १८ भरावा लागतो, आणि १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या आधी पदवीला तीन वर्षं झालेली लागतात. नुसत्या डीएडवर नाव लागत नाही, बीए-बीएस्सीचं प्रमाणपत्र जोडा. मतदानाला केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननंच अंकात पसंती लिहायची. आपल्या खिशातला पेन काढला की मत बाद. शिकलेल्यांच्याच मतदारसंघात किती मतं बाद होतात ते मोजणीला बसल्यावर कळतं.

दुसरं काम जास्त निकडीचं. उद्या जुनी आली, एकीकृत राहिली किंवा आहे तेच चाललं, तरी तुमच्या २००९ पासूनच्या प्रत्येक महिन्याची कपात खात्यात दिसली पाहिजे आणि सेवापुस्तिकेत नोंद पाहिजे. डीसीपीएसच्या (राज्याच्या त्या कपातीच्या योजनेच्या) स्लिपा, पगारपत्रकांच्या प्रती आणि प्रान खात्याचं विवरण समोर ठेवा आणि महिना-महिना टिक करत जा. वारसाचं नाव कुणाचं आहे तेही बघा; लग्नाआधी लागलेल्या बायकांच्या खात्यावर अजून वडिलांचं नाव असतं. सुरुवात बदली झालेल्या महिन्यांपासून करा. एका तालुक्यातून नाव कमी झालेलं आणि दुसऱ्यात चढलेलं, त्या मधल्या दोन-तीन महिन्यांतच भोकं सापडतात.